घाटात टर्बो पेट्रोल गाडीची ओढ वारंवार जाते : बिघाड कसा शोधावा

समस्या बहुतेक वेळा अशी सांगितली जाते. एक लिटरच्या आसपासचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन (ज्यात टर्बो नावाचा पंखा हवा दाबून भरतो) असलेली गाडी शहरात आणि सपाट रस्त्यावर अगदी व्यवस्थित चालते. पण चार माणसे, सामान आणि एसी घेऊन पसरणी किंवा कुंभार्ली घाट चढताना मध्येच तिची ओढ जाते, एक्सलरेटर तळापर्यंत दाबला तरी वेग वाढत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. चालक गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करतो, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करतो, आणि गाडी काही झालेच नाही अशा थाटात चढू लागते. दिवाही पुढे काही दिवसांत आपोआप विझतो. गॅरेजमध्ये दाखवल्यावर एअर फिल्टर बदलला जातो, थ्रॉटल बॉडी साफ होते, कधी नुसतेच ‘काही सापडत नाही’ असे सांगितले जाते, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच घडते. हे दोन-तीनदा झाले की मालकाचे मत ठरते की टर्बो तरी गेला असावा किंवा आपण साधे, बिनटर्बोचे इंजिन घ्यायला हवे होते. यातले पहिले मत बहुधा घाईचे असते. दुसऱ्या मतात थोडे तथ्य आहे, पण त्याचा या बिघाडाशी संबंध नाही.

आधी स्वभाव कोणता आणि बिघाड कोणता ते ठरवावे

निसान मॅग्नाइट ही एकच गाडी दोन्ही प्रकारच्या इंजिनांत मिळते, म्हणून तिचे आकडे येथे सोयीचे आहेत. दोन्ही इंजिने तीन सिलिंडरची आणि ९९९ सीसीची आहेत. साधे इंजिन ७२ पीएस शक्ती आणि ९६ न्यूटन मीटर टॉर्क देते; मॅन्युअल गिअरबॉक्ससह येणारे टर्बो इंजिन १०० पीएस आणि १६० न्यूटन मीटर देते. दोन्ही इंजिनांच्या रचनेत इतर फरक आहेत, तरी वरचे ६४ न्यूटन मीटर मुख्यत्वे टर्बोने दाबून भरलेल्या हवेतून येतात. टर्बो फिरतो तो एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंच्या, जोरावर, आणि दीड हजार आरपीएमच्या खाली तो जोर पुरेसा नसतो. तेवढ्या वेळापुरते हे इंजिन साध्या एक लिटरच्या इंजिनासारखेच, किंबहुना त्याहूनही किंचित अशक्त वागते, कारण दाबाची हवा सोसता यावी म्हणून टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबण्याचे प्रमाण, सर्वसाधारणपणे कमी ठेवलेले असते. अशा वेळी १.२ लिटरचे साधे इंजिन त्याच्यापेक्षा सरस वाटते आणि ते खरोखरच सरस असते.

त्यामुळे घाटातल्या बंद वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम १२०० पर्यंत पडल्यावर गाडी दम खात असेल, पण १८०० च्या पुढे गेल्यावर चांगली उचलत असेल, तर तो बिघाड नव्हे. असा अशक्तपणा रोज, त्याच आरपीएमला, दिवा न लागता दिसतो आणि खालचा गिअर टाकला की जातो. साध्या इंजिनाची गाडी वर्षानुवर्षे चालवलेल्यांना तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू रेटत चढ काढण्याची सवय असते आणि टर्बो गाडीत ती सवय महागात पडते. कमी आरपीएमवर पूर्ण एक्सलरेटर दिल्यास सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका असतो, आणि छोट्या टर्बो इंजिनांत, विशेषतः थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत, त्यामुळे पिस्टन तडकल्याची उदाहरणे आहेत. इंजिन ऑइलचा एपीआय एसपी हा २०२० पासूनचा दर्जा ठरवताना या प्रकाराचाही विचार झालेला आहे. म्हणून टर्बो गाडीत ऑइल निवडताना केवळ ग्रेड, म्हणजे घट्टपणाचा आकडा, जुळवून भागत नाही, डब्यावरचा दर्जाही मॅन्युअलशी पडताळावा लागतो.

साध्या इंजिनाच्या मालकाची तक्रार उलट बाजूने येते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. साधे इंजिन बाहेरच्या दाबावरच हवा ओढते, त्यामुळे ७२ पीएसचे इंजिन तेथे जेमतेम ६१-६२ पीएसचे उरते. पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने वर जाताना त्याची ओढ कमी कमी होत गेली, तर त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. एसी बंद करावा आणि गिअर उतरवावा.

बिघाडाची लक्षणे वेगळी असतात. ओढ एकदम जाते, ती अमुकच आरपीएमला जाते असे नाही, दिवा लागतो, आणि इंजिन बंद करून सुरू केल्यावर सगळे तात्पुरते पूर्ववत होते. पुढचा सगळा मजकूर अशा गाड्यांसाठी आहे.

इंजिन बंद केल्यावर गाडी ‘बरी’ का होते

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, प्रत्येक क्षणी किती दाबाची हवा हवी हे ठरवतो आणि मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीवरच्या) सेन्सरकडून प्रत्यक्ष दाब किती आहे हे मोजून घेतो. मागितलेला आणि मिळालेला दाब यांत मोठी तफावत काही सेकंद टिकली, की तो टर्बोचा वापर जवळजवळ थांबवतो, दिवा लावतो आणि स्मृतीत कोड नोंदवतो. यालाच गॅरेजवाले ‘लिंप मोड’ म्हणतात. बऱ्याच गाड्यांत ही बंधने पुढच्या वेळी इंजिन सुरू होईपर्यंतच असतात, म्हणून किल्ली फिरवताच ओढ परत येते. मूळ दोष मात्र जिथल्या तिथे असतो.

तो दोष घाटातच का दिसतो, या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले तर निम्मा शोध संपतो. शहरात चालवताना टर्बोकडून फारसा दाब मागितलाच जात नाही. चढावर पूर्ण भार असताना मॅनिफोल्डमध्ये १७०-१८० किलोपास्कल किंवा त्याहून अधिक दाब लागतो, आणि एखाद्या सैल सांध्यातून गळणारी हवा आतला दाब वाढेल तशी वाढत जाते. त्यातच उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने तोच दाब साधण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणजे गळती पुण्यातही असते. पुण्यात ती भरून काढण्याइतकी शिल्लक टर्बोकडे असते, घाटात ती शिल्लक संपते. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीचे इंजिन रेस करून ‘काही सापडत नाही’ म्हणणारा मेकॅनिक खोटे बोलत नसतो. उभ्या गाडीत तो दोष दिसण्याजोगा नसतोच.

कोड पुसू नये

दिवा घालवण्यासाठी बॅटरीचे टर्मिनल काढून पुन्हा लावण्याचा उपाय अजूनही सर्रास केला जातो. त्याने दिवा जातो, पण त्याबरोबर कोड आणि तो नोंदवताना गोठवून ठेवलेली माहितीही जाते : त्या क्षणीचा आरपीएम, वेग, इंजिनावरचा भार, कूलंटचे तापमान. बिघाड शोधणाऱ्याला याहून मोलाचे काही मिळणार नाही. घाटातून उतरल्यावर आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले कोड वाचणारे यंत्र, लावून हे सर्व वाचावे आणि पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे. मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा स्कॅनरही या कामाला पुरतो.

पी०२९९ हा कोड असेल तर हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला आहे. हा कोड टर्बो खराब असल्याचा पुरावा नाही, तरी अनेक ठिकाणी त्याचा अर्थ थेट तसाच लावला जातो. पी०२३४ असेल तर दाब प्रमाणाबाहेर वाढला आहे आणि संशय वेस्टगेटवर, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेवर, जातो. पी०३०० ते पी०३०३ यांपैकी काही असेल तर प्रश्न मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटण्याचा, आहे आणि हवेच्या नळ्या तपासण्याआधी प्लग व कॉइल पाहावेत. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते आहे. दाबाच्या कोडबरोबर तोही आला असेल तर गळती किंवा इंधनाचा अपुरा दाब या दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात.

दाब मोजणे

स्कॅनरवर मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब निवडावा. किल्ली ‘ऑन’ आणि इंजिन बंद असताना हा आकडा त्या गावच्या हवेच्या दाबाइतका असला पाहिजे : मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीचा सेन्सर १०४ दाखवत असेल तर तो सेन्सरच चुकतो आहे, आणि चुकीच्या मोजमापावर ईसीयूने घेतलेला निर्णयही चुकीचाच असणार. सेन्सरवर तेलकट काजळी बसल्यानेही असे होते. तो काढून सेन्सरसाठी मिळणाऱ्या क्लीनरने साफ करता येतो. त्याच्या भोकात तार किंवा काडी घालू नये. काही ॲपमध्ये ‘बूस्ट’ म्हणून बाहेरचा दाब वजा करून उरलेला आकडा दाखवतात, त्याची या आकड्यांशी गल्लत होऊ देऊ नये.

इंजिन तापल्यावर आणि एसी बंद असताना एक्सलरेटर न देता इंजिन चालू ठेवल्यास हा दाब साधारण ३० ते ४० च्या दरम्यान असतो. त्यानंतर मोकळा, सरळ चढाचा रस्ता पाहून तिसऱ्या गिअरमध्ये १८०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत पूर्ण एक्सलरेटर द्यावा आणि ॲपमध्ये नोंद चालू ठेवावी. आकडे वाचायला शेजारी दुसरी व्यक्ती असावी. घाटाच्या वळणांवर किंवा रहदारीत हा प्रयोग करू नये. ॲप मागितलेला दाबही दाखवत असेल तर दोन रेषांची तुलना करावी. मिळालेला दाब मागितलेल्याच्या मागोमाग चढला तर हवेची बाजू ठीक आहे. तो चढताना रेंगाळला आणि वरही २०-३० किलोपास्कलने कमीच राहिला तर गळती किंवा उघडी राहणारी वेस्टगेट. मागितलेला दाबच कमी असेल तर ईसीयू दुसऱ्या कशामुळे तरी हात आखडता घेत आहे, बहुधा तापमानामुळे किंवा मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकू लागल्यामुळे, आणि मग नळ्या चाचपत बसण्यात अर्थ नाही.

गळती शोधणे

टर्बोतून निघालेली हवा ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये जाते, तेथून थ्रॉटल बॉडीकडे येते. या वाटेवर चार-सहा सांधे, रबरी होज आणि क्लिपा असतात. त्यांतल्या एखाद्या क्लिपेची सैल पकड हे या तक्रारीचे मला सर्वाधिक वेळा दिसलेले कारण आहे. बंपर काढून बसवण्याचे काम नुकतेच झालेले असेल तर संशय तेथूनच सुरू करावा, कारण इंटरकूलरचे होज त्या कामात हलवले जातात आणि परत बसवताना होज पूर्ण आत न सरकवता क्लिप आवळली जाते.

माझ्या मेहुण्याच्या गाडीत नेमके हेच होते. वरून पाहता सगळे जागेवर दिसत होते. इंजिन गार झाल्यावर गाडीखालचे कव्हर काढून इंटरकूलरच्या बाहेर पडणाऱ्या होजच्या टोकावर टॉर्चचा प्रकाश टाकला, तेव्हा क्लिपेच्या शेजारी अर्ध्या परिघावर तेलाचा काळपट ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली बारीक धूळ दिसली. उरलेला अर्धा परिघ कोरडा होता. होज पाच-सहा मिलिमीटर तिरका बसलेला होता. नळ्यांच्या आत तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे, कारण क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातली) वाफ त्याच वाटेने जाते. बाहेरच्या बाजूला, सांध्याशी तेल दिसले तर मात्र तेथून हवा निसटते आहे. होज काढून दोन्ही पृष्ठभाग पुसले, तो पूर्ण आत सरकवला आणि क्लिप तिच्या मूळ खाचेत बसवली, एवढ्यावर काम झाले. त्याआधी एका कार्यशाळेने टर्बो बदलण्याचे अंदाजपत्रक हातात दिले होते.

डोळ्यांनी काही दिसत नसेल तर स्मोक टेस्ट करून घ्यावी. नळ्यांत हलक्या दाबाने धूर सोडतात आणि तो जेथून बाहेर येतो तेथे खूण करतात. ही सोय नसेल तर हवेचा मर्यादित दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी फवारता येते, पण दाब किती द्यायचा हे जाणणाऱ्यानेच ते करावे. होजच्या पोटाखाली, जेथे तो ब्रॅकेटला घासतो, तेथे बोट फिरवून पाहावे. चीर बहुधा तेथे पडते आणि होज ताणल्याखेरीज उघडत नाही. पावसाळ्यात किंवा लांब सुट्टीत गाडी एका जागी उभी राहिली असेल तर उंदरांचा विचार आधी करावा. वेस्टगेट हलवणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जाणारी बारीक रबरी नळी त्यांनी कुरतडलेली असणे ही आपल्याकडे अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही.

वेस्टगेटचा दांडा गंजून अडखळू लागला, की ती अर्धवट उघडी राहते आणि दाब चढत नाही, किंवा बंद अवस्थेत अडकते आणि दाब वाजवीपेक्षा वाढतो. कोकण किनाऱ्यावरच्या आणि गोव्यातल्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होऊ शकते. ॲक्च्युएटर हवेवर चालणारा असेल तर हातपंपाने दाब देऊन दांडा सरळ आणि न अडखळता सरकतो का हे पाहता येते. विजेवर चालणारा असेल तर तो हाताने ढकलू नये. स्कॅनरवरून त्याची चाचणी घ्यावी.

झटके येत असतील तर

ओढ जाण्याबरोबर दोन-अडीच हजार आरपीएमवर गाडी झटके मारत असेल, तर आधी प्लग काढावेत. दाबाच्या हवेत ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते, म्हणून टर्बो इंजिनाच्या प्लगमधली फट सहसा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, तर साध्या इंजिनांत ती १ मिलिमीटरच्या आसपास चालते. प्लग झिजून फट वाढली, की साधे इंजिन कुरकुर न करता कितीतरी चालत राहते. टर्बो इंजिन भाराखाली लगेच मिसफायर करते. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. इरिडियमच्या प्लगची फट टोकावर पाना टेकवून वाकवू नये, टोक तुटते. कॉइलची परीक्षा फुकट होते : एक नंबरची कॉइल दोन नंबरला लावावी, आणि पी०३०१ चा कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच रेटू नये. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवते, आणि तो आतून तुंबला की ओढ जाण्याचे आणखी एक कारण तयार होते.

उष्णता, आणि इतर सोंगे

मे महिन्यात रांगेत अडकून चढताना ओढ हळूहळू घटते, दिवा लागत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर पाच-दहा मिनिटांत सुधारते, असे असेल तर आत जाणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. ती तापली की ईसीयू ठिणगी उशिरा देतो आणि दाब कमी करतो. थोडीफार घट अपेक्षितच आहे. परंतु वेगात असतानाही हे तापमान बाहेरच्या हवेहून तीस-चाळीस अंशांनी अधिकच राहत असेल, तर इंटरकूलरसमोर चिखल, पालापाचोळा किंवा हौसेने लावलेली जाळी तपासावी. फोक्सवॅगन समूहाच्या १.० टीएसआय इंजिनात इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि त्या पाण्यासाठी वेगळा विद्युत पंप असतो. अशा रचनेत पंप बंद पडल्यास बाहेरून काहीच दिसत नाही, तापमान मात्र उतरत नाही.

क्लचचे सोंग ओळखणे सोपे आहे. चौथ्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबल्यावर आरपीएम झटकन चढतो आणि वेग जागेवर राहतो, तर इंजिन निर्दोष आहे आणि क्लच घसरतो आहे. टर्बोचा टॉर्क एकदम येत असल्याने झिजलेला क्लच तेथे आधी उघडा पडतो.

टर्बोवर शेवटी यावे. हवेची बाजू गळत नाही, वेस्टगेट मोकळी आहे, प्लग चांगले आहेत आणि तरीही दाब चढत नाही, तेव्हाच टर्बोत हवा नेणारा पाइप काढून पात्यांचा पंखा पाहावा. ऑइल नसताना दांडा आडवा किंचित हलणे चालते. पुढे-मागे सरकणे, पाती कवचाला घासल्याच्या खुणा किंवा पात्यांच्या कडा तुटलेल्या असणे चालत नाही. एक्सलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळसर धूर आणि ऑइलची पातळी सतत घटणे ही त्याचीच साथीदार लक्षणे. टर्बो बदलावाच लागला तर जुना का गेला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत : त्याला ऑइल पुरवणारा बारीक पाइप काजळीने अरुंद झाला असेल आणि तोच पुन्हा जोडला गेला, तर नवा टर्बोही ऑइलवाचून जळेल. तो पाइप, ऑइल आणि फिल्टर त्याच वेळी नवे घालून घ्यावेत, इंटरकूलरमध्ये साठलेले ऑइल आणि पात्यांचे तुकडे धुऊन काढले का हे समक्ष पाहावे, आणि जुना सुटा भाग परत मागून घ्यावा.